अंगातला स्वेटर

३ डिसेंबर, पारोळा

आलो एकदाचे! जळगावच्या त्या कॉलनीत रस्त्यावरून उचलून आणलेली आमची कुत्री ज्याच्या डोळ्यांत सलत नव्हती असं एक घर नव्हतं. इथे धुळे रस्त्याला रतिलालशेठचं सरकीचं जुनं गोडाऊन मिळालं. चारी बाजूंनी कपाशी. भुंका बाबांनो, हवं तेवढं भुंका. टेम्पोतून उतरल्या उतरल्या काळ्याने प्रत्येक खांबावर आपली सही ठोकली. तीन पायांची राणी उन्हात पसरली ती उठेचना.

वडिलांना, नानांना, पाचोऱ्याहून चाकांच्या खुर्चीसकट आणलं. साखरेने त्यांचे डोळे गेले, अर्धांगाने डावी बाजू गेली, पण उजवा हात शाबूत आहे आणि नाक तर विचारूच नका. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. म्हणतात, भरल्या गाडीत मला माणूस वासावरून कळायचा. मी खोलीत गेले की मनगट हुंगतात आणि म्हणतात, "समी शे." बस्स, पुढे काही नाही. पुण्याहून प्रशीलचा पाच मिनिटं फोन आला की मात्र दिवसभर 'मना राजा, मना राजा'. गू-मूत मी काढायचं आणि राजा तो! मला माझ्या भावाचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, मोकळी झाले. नानांचा हात एकदा माझ्या डोक्यावरून फिरावा, एवढंच मागणं आहे. लहानपणीही कधी फिरला नाही.

कुत्र्यांचा भात शिजवायला आणि मी बाहेर असले की नानांजवळ बसायला गावातल्या बेबाबाई मिळाल्यात. तोंडाने फटकळ आहेत, पण नानांना भरवताना घाई करत नाहीत. इथे सगळं छान होणार.

७ डिसेंबर

रस्त्यावरच्या ढाबेवाल्याचा फोन आला म्हणून जाऊन एक कुत्री आणली. बदामी रंगाची, नुसता हाडांचा सापळा, लटलट कापत होती. इंजेक्शन टोचलं तरी आवाज नाही. भुंकणं सोडा, साधं कण्हलीही नाही.

आमची पद्धत ठरलेली आहे. नवं जनावर कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि त्याच्याजवळ आपल्या अंगातला, न धुतलेला कपडा टाकायचा. आपला वास घेत झोपलं की ते आपलं होतं. थंडी कडाक्याची होती, म्हणून मी अंगातला लाल स्वेटरच काढून दिला. आईने विणलेला. बेबाबाई म्हणाल्या, कुत्रीला देण्यापेक्षा मला दिला असता तर आशीर्वाद तरी मिळाला असता. आम्ही दोघी हसलो. स्वेटरमध्ये तोंड खुपसताच तिचं कापणं थांबलं. तिला अजून नाव सुचलेलं नाही.

१२ डिसेंबर

आज दुपारी ती खोलीतून निसटली. शोधत गेले तर नानांच्या खाटेला टेकून बसलेली, स्वेटर पाठीवर ओढलेला. नानांनी हुंगलं आणि हात तिच्या डोक्यावर ठेवला. हळूहळू फिरवत राहिले. "समी, माय व, तुनं बठ्ठं आयुष्य मनामांगे गयं," म्हणाले. मग प्रशीलने नाही केलं ते तू केलंस, मी कधी बोललो नाही, माझं चुकलं, असं कितीतरी बोलले.

मी दारात उभी होते. पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं बोलून झालं, आणि ऐकलं कुणी? कुत्रीने! आधी हसू आलं. मग अंगाची आग आग झाली. पुढे होऊन म्हटलं, नाना, समी मी आहे. त्यांनी हात आखडला आणि विचारलं, "कोन शे? बेबाबाई का?"

ती माझ्याकडे बघत होती. कुत्री इतका वेळ नजरेला नजर देत नाहीत.

१५ डिसेंबर

नाना तिच्याशिवाय घास घेत नाहीत. बेबाबाईंचं म्हणणं, आंधळ्या म्हाताऱ्याचा जीव रमतोय तर रमू द्या, जनावरावर कशाला जळता? जळते. हो, जळते! भावावर जळले ते निदान माणसावर तरी होतं.

मी तिच्या पाठीवरचा स्वेटर हिसकावला, तिला कडुनिंबाच्या साबणाने घासून काढलं आणि स्वेटर स्वतः घालून नानांजवळ गेले. त्यांनी बाही हुंगली, नाक मुरडलं आणि तिला बाहेर बांधायला सांगितलं. तिला म्हणजे मला.

घसा बसलाय. थंडी बाधली असणार. सकाळी काळ्याला हाक मारली तर नीट आवाज फुटेना. तो शेपूट हलवत आला आणि माझ्या बाजूने तिच्याकडे निघून गेला. राणी माझ्यावर गुरगुरली. हिला मी बाटलीने दूध पाजलंय.

१७ डिसेंबर

केलं. धुळ्याला नेऊन बाजाराच्या मागे सोडून आले. कुत्री रस्त्यावर टाकणाऱ्यांशी मी आजवर भांडत आले, आज मीही त्यातलीच झाले. ती रिक्षामागे धावली नाही. नुसती बसून राहिली. येताना एसटीत मला एवढं हलकं वाटलं, की खिडकीशी बसून शेंगा खाल्ल्या.

घरी पोचले तर बेबाबाई भात ढवळत होत्या. दचकून म्हणाल्या, "ताई, आता तर तुम्ही आत नानास्ले भरवत होत्या. बाहेर कशा?"

आत गेले. ताटली रिकामी होती. नानांच्या ओठाला ताजं वरण लागलेलं. खाटेची कड कुणीतरी आत्ताच उठल्यासारखी दबलेली. काल धुऊन दोरीवर वाळत टाकलेला स्वेटर नाही.

मी नानांना हाक मारली. घशातून नुसती हवा आली.

१८ डिसेंबर

भर दुपारी ऐकलं. नाना बोलत होते, आणि कुणीतरी उत्तर देत होतं — हो नाना, खाल्लं नाना — माझा आवाज. माझाच. दार आतून लावलेलं.

ज्या कुत्रीला आवाजच नव्हता तिला —

फोनवर प्रशीलला सांगायला गेले. तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला आणि ठेवून दिला. मग आत नानांचा फोन वाजला. आत ती बोलली त्याच्याशी. हसलीसुद्धा. स्पीकरवर प्रशील मोठमोठ्याने म्हणत होता, ताई, तू आहेस म्हणून नानांची काळजी नाही. मला असं कधी म्हणाला नव्हता.

सगळं तिलाच. सगळं —

१९ डिसेंबर

बेबाबाईंचे पाय धरले. "हाड!" म्हणाल्या. मागे सरकल्या, मग दया आली असावी. हातावर भात ठेवला. मी — भूक होती — खाल्ला. त्यांच्या हातावरूनच.

लाल स्वेटर घालून ती दारात उभी होती. दोन पायांवर. माझा चेहरा माझ्यापेक्षा शांत दिसतो. बेबाबाईंना म्हणाली, नवीन आहे, वेगळ्या खोलीत ठेवा.

कडी लागली —

दुपार

पेन धरवत नाही. बोटं आखडली. वही कुर्त्याच्या — नाही, कापडाच्या — कशात होती आठवत नाही.

खूप कापते आहे. थंडी

दाराखालून काहीतरी सरकवलं. लाल. ती बाहेर म्हणाली, माझा वास लागला की शांत होईल.

नाही घेणार. नाही

घेतला. बरं वाटतं. तोंड आत खुपसलं की कापणं थांब

नानांच्या खुर्चीची चाकं. इकडेच येताहेत. तिला विचारताहेत, ती नवी कोनती शे, बिचारी. दार उघडलं. हात पुढे केला. मनगट नाही हुंगत. नाना मी समी. मी स. आवाज नाही

हात. डोक्यावर. नाना फिरवताहेत, हळू, माय व म्हणताहेत, आणि मला, मला किती