होडीच्या पुढचं झाकण

नेवासे फाटा,
दि. १८ फेब्रुवारी १९९७

प्रिय भारतीस,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. तिकडे राहात्याला तू, तुझी आई आणि भाऊ नितीन ठीक असाल. आमच्या आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. थंडी गेली. धरणाचं पाणी मागे सरकलं, त्यामुळे होडी आता खालच्या बाभळीला बांधतो.

पत्र लिहिण्याचं कारण होडीच. तिचा पुढचा भाग बदलून घेतला. तुला कळवावं म्हटलं, कारण होडी तुझीही आहे. पाटबंधारे खात्याच्या लिलावातून आणली त्या दिवशी तूच म्हणाली होतीस, साहेब लोकांची होडी, हिला मासळीचा वास सोसेल का.

ट्रॉलीत घालून भिमाजीकडे नेली. तो धान्याच्या कोठ्या करतो, होडीला त्याने पहिल्यांदाच हात लावला. चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "झाकाण चांगलं हाय की. सामान भिजत न्हाई. कशापायी कापतो?" मी म्हटलं, काप. अ‍ॅल्युमिनिअमला त्याचं वेल्डिंग चालत नाही, पत्रा वितळून भोक पडतं, म्हणून रिबिटा मारल्या. नाकावरचं, मागून उघडं असलेलं झाकण काढलं, खालची पोकळी बंद करून वर सपाट पाट बसवला. कड आत दुमडून घेतली, जाळं अडकू नये म्हणून. आता सगळं जाळं पुढे पसरून ठेवता येतं. एकट्याला बरं पडतं.

पण एकटा माणूस जाळ्यावर गेला की होडी नाक खाली घालते. तू मागे वल्ह्यावर असायचीस तेव्हा हे कधी कळलं नाही. आता तुझ्या जागेवर दगड ठेवतो. तुझ्याइतके ते बोलत नाहीत, एवढाच फरक.

मासळी बेताची आहे. चिलापीच जास्त.

पुढे आता आत काही ठेवता येत नाही. तिथली गोधडी घरी आणली आहे. आई धुवायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे.

बायका विचारतात, भारती कधी येणार. मी सांगतो, आईकडे आराम करते आहे. खरं म्हणजे मला माहीत नाही. सकाळी उठतो, होडी सोडतो, जाळं ओढतो, भाकरी खातो, झोपतो. लेक गेली तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. पाण्यावर एकटा असलो की येईल असं वाटलं होतं. तिथेही येत नाही.

जाळं ओढताना पायाजवळ बघायची सवय मात्र गेली नाही. प्रज्ञा झोपली आहे की उठली, तसं वाकून बघायचो. झाकणाखाली नुसता अंधार दिसायचा आणि माझा हात थांबायचा. म्हणून कापलं. जाळ्याचं निमित्त. मला वाटलं, तुलाही ती जागा बघवणार नाही, म्हणूनच तू येत नाहीस. आता तिथे काही नाही. तू येऊ शकतेस.

काढलेलं झाकण भिमाजी मागत होता, कोठीला होईल म्हणाला. दिलं नाही. आतल्या बाजूला प्रज्ञाने ओढलेल्या खडूच्या रेघा आहेत. घरामागे भिंतीला टेकवून ठेवलं आहे.

उत्तर दे. नाही दिलंस तरी चालेल, पण दे.

तुझा,
श्रीमंत


राहाता,
दि. २६ फेब्रुवारी १९९७

प्रज्ञाच्या बाबांना,

सप्रेम जयभीम. पत्र पोचलं. इथे सगळे बरे आहेत. पत्र मी नितीनला वाचायला दिलं नाही.

मला ती जागा बघवणार नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी त्या जागेमुळे निघून आले नाही. तुमच्या आई म्हणाल्या, "पत्र्याच्या गारठ्यानं पोर गेली, हिनंच रोज तिथं निजवली." तुम्ही जेवत होतात. जेवतच राहिलात. म्हणून आले. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला होता, आणि तो तुमच्यासमोर सांगितला होता. आता झाकण कापून तुम्ही आईंचंच म्हणणं खरं केलंत. लोक म्हणतील, होडीतच खोट होती म्हणून तर कापली.

मला तुमचा फार राग आला आहे.

ती तिथे सुखाने झोपायची. ऊन लागत नसे, खालून पाण्याचा आवाज यायचा. घरात रात्री किरकिर करायची, तिथे कधी केली नाही. वल्हं मारताना मला झाकणाखालून तिचे तळपाय दिसायचे. तेवढेच आता नीट आठवतात. चेहरा आठवायला गेले की दवाखान्यातला येतो. मला एकदा वल्ह्यावर बसून तिकडे बघायचं होतं, आणि तुम्ही ती पोकळी बंद करून टाकलीत.

भिमाजीला सांगून पाट काढा आणि झाकण होतं तसं बसवून घ्या. रेघा आतल्या बाजूला येऊ द्या. भोकं जुनी-नवी दिसली तरी चालतील. जाळं अडकलं तर मी सोडवीन, सोडवत होतेच. गोधडी धुवू नका.

आणि आईंना सांगा, पोरगी तापाने गेली. तुम्ही सांगा, मी यायच्या आधी सांगा. तुमच्या तोंडून त्यांनी ऐकलं पाहिजे.

रविवारी दुपारच्या एस्टीने येते. माझ्या जागेवरचे दगड काढून ठेवा.

प्रज्ञाची आई,
भारती