झिजलेले बूट

५ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

फोनवर बोलता बोलता मला रडू येतं आणि मग तूही सुरू होतेस, म्हणून पत्रच बरं. कागदावर मी शहाण्यासारखी वागते.

खारू दीड वर्षाची झाली. घास गालात साठवून ठेवायची सवय काही जात नाही, तेव्हा आता हेच नाव कायम होणार बहुतेक. डॉक्टर म्हणाले, तिची वाढ हळू होतेय, थेरपी लगेच सुरू करा, पुढचं आत्ताच सांगता येणार नाही. म्हणून रोज सकाळी थेरपिस्ट बाईंकडे जातो. त्या तिला मोठ्या चेंडूवर पालथं घालून झुलवतात, तेव्हा ती मान वर धरते. घरी सराव व्हावा म्हणून ह्यांनी दुकानातला फ्रेम केलेला मोठा आरसा आणून भिंतीला, अगदी जमिनीलगत बसवलाय. गिऱ्हाइकाला सांगितलं, विकला गेला. खारू स्वतःला बघायला डोकं उचलते आणि स्वतःवरच खूश होते. मावशीवर गेलीय.

ढोल्या कसा आहे? तुझ्या पत्रांत त्याचा पत्ताच नसतो. दोघांत पंधरा दिवसांचं अंतर, आपण पोटं पुढे काढून फोटो काढलेले, आणि मला भाच्याची खबर नाही म्हणजे काय?

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढोल्या बरा आहे. खातो, झोपतो. त्याचं वेगळं काय सांगायचं?

इकडे समोरच्या इमारतीला रंग देताहेत, घरभर वास. खारूला चेंडू आवडतो हे वाचून फार बरं वाटलं. बाईंचं सगळं नीट ऐक आणि स्वतः वेळेवर जेवत जा. ढोल्याचे लहान झालेले कपडे पाठवलेत. आपली खारू बारीक आहे, लोकरीच्या विजारी तिला पुढच्या थंडीतही होतील.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी,
छोटी

२२ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. एका विजारीच्या पायात ढोल्याचे बूट निघाले. तू झाडून बघितली नसशील. तळवे झिजलेत, पुढून तर पार फाटलेत. कडेवर बसणाऱ्या पोराचे बूट असे होत नाहीत. चालतो ना तो? पळतोसुद्धा. कधीपासून, छोटी?

ते बूट मांडीवर घेऊन मी किती तरी वेळ बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त तुझा राग आला. सगळे माझ्याशी दबकून बोलतात. शेजारीण मला बघितलं की नातवाला आत नेते. निदान तू तरी तशी वागू नकोस. माझी मुलगी हळू वाढतेय म्हणून मी भाच्यालाही मुकायचं का?

आज इतकंच.

ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो चालला त्या दिवशी पहिली आठवण तुझीच झाली. पत्र लिहायला बसले आणि फाडून टाकलं. त्यानं काहीही नवीन केलं की मला तुझ्यापुढे चोरी केल्यासारखं वाटतं, ताई. धड आनंदही करता येत नाही. तुला दुखवायचं नव्हतं, आणि तेच केलं.

आता ऐक. तुझा भाचा नाताळाआधीच चालायला लागला आणि आता पळतो, तोही खेकड्यासारखा तिरका. सोफ्यावरून उडी मारून ओठ फोडून घेतलाय. 'नको' एवढा एकच शब्द येतो आणि त्यावर त्याचं सगळं भागतं. काल ह्यांचा चष्मा कमोडमध्ये टाकला, पाणी सोडलं आणि वाकून त्याला टाटा केला.

बूट टाकून दे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छोटी

९ एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

चष्म्याचं वाचून हे इतके हसले की खारू दचकली. मीही हसले, मग न्हाणीघरात जाऊन थोडी रडले. दोन्ही झालं आणि काही बिघडलं नाही.

बूट टाकले नाहीत. बाई आता खारूला धरून उभं करायला लागल्यात. मी तेच बूट नेले, तर त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, नवे, घट्ट टाचेचे आणा. मी म्हटलं, आणते, पण आजचा दिवस हेच असू द्या, ह्या बुटांना चालता येतं. तेव्हा हसल्या.

संध्याकाळी तेच घालून तिला आरशापुढे उभं केलं. तिनं फ्रेमची कड पकडली. मी कमरेवरचे हात सैल केले, सोडले नाहीत. स्वतःला एवढं उंच तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तोंड उघडंच राहिलं आणि गालात ठेवलेला घास बाहेर पडला. मग धपकन बसली. पुढे चालेल का, ते बाई अजून सांगत नाहीत. मी मात्र रोज विचारते.

ढोल्याचे पुढचे बूट लहान झाले की धाडून दे, असेच झिजवून. आणि त्याचं सगळं लिही, काही गाळू नकोस. मला हेवा वाटेल, वाटू दे. लोभ तू ठेव, हेवा मी सांभाळते.

तुझी,
ताई