नेत्राचं ‘येते मी’

३ ऑगस्ट, रविवार.
चंदीगडच्या आमच्या महाराष्ट्र मंडळाने मला नव्या कॉलेजविद्यार्थ्यांचा पालक-संयोजक नेमलं. एकमताने. नाव पुकारताना सगळे खाली बघत होते, म्हणजे आदरच. महाराष्ट्रातून आलेलं एकही पोर यंदा एकटं पडणार नाही. पक्का संकल्प.

९ ऑगस्ट.
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, ‘मायेची सावली’. अकरा मुलं. संध्याकाळपर्यंत तिघं बाहेर. नेटवर्क असेल.

१६ ऑगस्ट.
फॉर्म पाठवला : तुम्ही किती आनंदी आहात, दहापैकी गुण द्या. एकच उत्तर. नेत्रा, वाशीमची, फर्स्ट इयर, होस्टेलला. दोन गुण. विदर्भात मार्किंग कडक.

२२ ऑगस्ट, दुपार.
नेत्राचा फोन. मेसमध्ये मुली पंजाबीत हसतात, का ते कळत नाही, जेवण जात नाही म्हणाली. रडत असावी. मी सेक्टर १७ मध्ये स्नेहमेळाव्याच्या बॅनरच्या गडबडीत. म्हटलं, कधीही घरी ये, आपलंच घर समज. घरी बायकोला सांगितलं, तर उर्मिला म्हणाली, आजच घेऊन या, वरणभात तरी खाईल. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

२९ ऑगस्ट.
नेत्राला पत्ता पाठवायचा राहिला. असो. सात तारखेच्या स्नेहमेळाव्यात सगळ्यांकडेच एकदम बघू. बॅनरवर माझा फोटो जरा मोठा झालाय. प्रिंटरवाल्याची चूक.

६ सप्टेंबर, सकाळ.
नेत्राचा मेसेज : ‘सर, येते मी.’ ऊर भरून आला. लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उर्मिलाला म्हटलं, श्रीखंड जास्त कर. तिने मेसेज दोनदा वाचला, म्हणाली, तिला फोन करा. कशाला? उद्या भेटणारच आहे.

७ सप्टेंबर.
कार्यकारिणी सहा, विद्यार्थी शून्य. साडेबाराला शेवटी उर्मिलानेच नेत्राला फोन लावला, स्पीकरवर. ती कालच वडिलांबरोबर गाडीत बसली. कॉलेज सोडलं. सरांना न सांगता कसं निघायचं, म्हणून मेसेज केला म्हणाली. निघताना त्यांच्या घरी ‘जाते’ म्हणत नाहीत.

आमच्याही घरी म्हणत नाहीत. मी स्वतः रोज ऑफिसला निघताना ‘येतो’च म्हणतो.

लाज वाटली. अजून वाटतेय. उर्मिलाने फोन माझ्यापुढे धरला, मी हातानेच नको म्हटलं. पलीकडून नेत्रा विचारत होती, सर रागावले का.