तेवीस नंबरचा व्हिडिओ

प्रिय जया,

पत्र बघून हसशील. सुप्याला तुझ्या खोलीवर पोस्टानं काही येतं का, हेही मला ठाऊक नाही. पण फोन केला असता तर दुसऱ्या वाक्यालाच तू 'जाऊ दे गं सत्या' म्हणाली असतीस आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून आज स्टुडिओचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय. गेल्या रविवारी तू नवा व्हिडिओ पाठवलास, आणि मागोमाग तुझा आवाज, 'बघ की गं, आता तरी सुधारलंय का.' मी नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचीही लाज वाटतेय, पण आधीची लाज त्याहून मोठी आहे. ती आधी सांगते.

संगमनेरच्या कॉलेजात फेब्रुवारीत झाली ती स्पर्धा. आपण दोघी बघतो त्या टीव्ही मालिकेतल्या यमुना कंडक्टरच्या चाहत्यांनी तिच्या प्रसंगांचे तुकडे जोडून एका मिनिटाचे व्हिडिओ करायचे होते. एकेचाळीस आले होते. नाव कुणाचंच नाही, फक्त नंबर. आम्ही तीन परीक्षक. मी तुला आधीच बजावलं होतं, तुझा नंबर मला सांगू नकोस म्हणून. तू इमानदारीनं नाही सांगितलास. कंपनीतली पाळी संपवून, जेवणखाण आवरून, मोबाईलच्या तडकलेल्या स्क्रीनवर महिनाभर खपत होतीस, एवढंच माहीत होतं मला.

निकालाआधी स्पर्धा भरवणाऱ्या गोरक्षनाथ सरांनी मला बोलायला उभं केलं. विषय काय, तर चांगला परीक्षक कसा असावा. मी कशी बोलले म्हणून सांगू तुला. म्हटलं, व्हिडिओ एकदा आवाजासकट बघावा, एकदा आवाज बंद करून. इफेक्ट किती टाकलेत ते मोजत बसू नये. मी असते तर असं केलं असतं, हे मनातून काढून टाकावं, कारण समोरच्यानं काय करायला घेतलंय ते बघायचं असतं. आणि ज्याला यमुनाचं वेड नाही त्यानं यमुनाचे व्हिडिओ तपासूच नयेत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं वहीत लिहून घेतलं. आणि जया, तेव्हा गुणांचा कागद माझ्या पर्समध्येच होता.

तेवीस नंबर तुझा होता ना? मला सहाव्या सेकंदालाच कळलं होतं.

बन्सीभाऊंच्या लॅबमध्ये आपण दोघी लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचो, तेव्हापासून ओळखते मी तुझा हात. सनई-चौघड्याच्या ठेक्यावर कट मारा, माणूस बोलून थांबलं की कट मारा, ही भाऊंची शिस्त. मी ती पाळायचे, म्हणून शहाणी ठरले. तू मात्र ठेका गेल्यावरही जराशी थांबायचीस. ते अकोल्याकडचं लग्न आठवतंय? नवरीची गाडी गेली, आम्ही सगळे तिथेच कापणार, आणि तू पुढचं ठेवलंस. मांडवात एकटा उरलेला बाप पडलेली खुर्ची उचलतो, पुसतो, आणि तिच्यावर न बसता नुसता धरून उभा राहतो. भाऊ तुझ्यावर केवढे खेकसले होते. दीड वर्षानं ती नवरी शिर्डीहून बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, तेवढाच तुकडा वेगळा काढून द्या, वडील गेले. तू नाक पुसत तिला तो काढून दिलास. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होते, आणि खरं सांगते, मला वाईट वाटण्याआधी तुझा हेवा वाटला होता.

तोच हेवा फेब्रुवारीत परत वर आला. यमुनाचा भाऊ तिला ओळख न देता तिच्या बसमधून उतरतो, तो प्रसंग एकेचाळीसातल्या तीसेक जणांनी घेतला होता. 'चला, पुढे सरका' म्हणून तिचे ओठ मिटले की सगळ्यांचा कट. तू थांबलीस. तिनं आवंढा गिळला, घंटीच्या दोरीवरचा हात तसाच राहिला, आणि मग कापलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं आणि कटिंगला दहापैकी चार दिले.

आधी मनाची समजूत घातली की मैत्रीण आहे, पहिली आली तर लोक नावं ठेवतील. कसले लोक आणि कसली नावं. नंबरामागे कोण आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? हा हात माझ्या ओळखीचा आहे, हा व्हिडिओ मला देऊ नका, एवढंच सरांना सांगायचं होतं. तेही तोंडातून निघालं नाही. चौदा वर्षं माझी पाटी लागलीय, दोन कॉम्प्युटर आहेत, आणि मला जे एकदाही जमलं नाही ते तू पाळी करून आल्यावर मोबाईलवर केलंस. हे मला सोसलं नाही. बाकी दोघांनी तुला नऊ-नऊ दिले होते. माझ्या चारामुळं तू पहिल्यावरून चौथ्यावर गेलीस. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'कट उशिरा पडतात. ठेक्याचा सराव हवा.' शेरे तुम्हा सगळ्यांना मिळाले, पण खाली सही नव्हती. म्हणून तर तू मलाच फोन करून म्हणालीस, 'त्या दुसऱ्या परीक्षकाचं खरंय गं, भाऊ पण हेच म्हणायचे, मला थांबायची लई सवय लागलीय.' मी हूं हूं करत ऐकून घेतलं.

काल सरांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी माझे गुण बाद केले, बाकीच्या दोघांच्या गुणांवर तू पहिली आहेस. तसं ते तुला कळवतील. माझ्यावर रागव, बोलू नकोस, जे करायचं ते कर. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. रविवारचा तुझा नवा व्हिडिओ मी सात वेळा बघितला. सगळे कट ठेक्यावर आहेत. एकही चूक नाही. यमुनाचे ओठ मिटतात आणि तू कापतेस, भाऊंनी कापलं असतं तसं, मी कापलं असतं तसं. मी दर वेळी तिच्या आवंढ्याची वाट बघत होते. तो कुठंच नाही, जया. तू माझ्या खोट्या शेऱ्यावर विश्वास ठेवून तो काढून टाकलास. तेवढा परत लाव.

तुझीच म्हणायची अजून परवानगी असेल तर, तुझीच,
सत्यशीला