चारशेची पट्टी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. छोट्या,

चाळिशी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये हे मला कळतं, पण आता सवय मोडायची नाही. तुम्ही तिघं बरे असाल. इकडे सगळं ठीक आहे. जिन्याला नवा कठडा बसवला, तुझ्या खोलीच्या खिडकीची काच एकदाची बदलली. अण्णांचे कान गेलेत, गुडघे कुरकुरतात, पण दुसऱ्याच्या चुका अजून लख्ख दिसतात. परवा औषधाच्या खोक्यावर चुकीची वेलांटी सापडली, तर स्वारी दिवसभर खुशीत! छापखान्यातलं मुद्रितशोधन सुटून चोवीस वर्षं झाली, खोड काही सुटली नाही.

मागच्या महिन्यात तुझ्या बायकोशी फोनवर बोलत होते. सहज म्हटलं, “तुला काय, कॉम्प्युटर बिघडला तर डॉक्टर घरातच आहे.” ती म्हणाली, “छे हो ताई, हे हातसुद्धा लावत नाहीत. सरळ दुकानात देऊन येतात. म्हणतात, माझ्या हाताला यश नाही.”

पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक हवेबद्दल बोलले असेन.

दुकानातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सोडून तू गोदामातल्या नोकरीवर गेलास ते पगार बरा म्हणून, अशी मी इतकी वर्षं समजूत करून घेतली होती. तशी समजूत मला सोयीची होती. फोन ठेवला आणि माळ्यावरून अण्णांचं कॉम्प्युटरचं जुनं मशीन उतरवलं. आईने शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन अजून त्यावर आहे. तुला आठवतं, तू ते मशीन उघडायला बसलास की घरात एखादं ऑपरेशन चालू असल्यासारखी शांतता असायची? तू वर्तमानपत्र पसरायचास, स्क्रू बशीत काढून ठेवायचास आणि शीळ घालत धूळ झटकायचास. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासायला अण्णांचाच खोडरबर लागायचा तुला. “चोरा, माझं हत्यार ठेव खाली,” असं अण्णा ओरडायचे आणि मग स्वतःच खुर्ची ओढून बघत बसायचे. तुझे हात बघत बसायचे, छोट्या. आईला म्हणायचे, “पोराचा हात हलका आहे.” तुझ्यासमोर कधी म्हणाले नाहीत, म्हणून आज सांगते.

ती चारशेची पट्टी तू माझ्यासाठी आणली होतीस. मी घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायचे. कुणा प्राध्यापकाचा तक्त्यांनी ठासून भरलेला प्रबंध हाती होता आणि मशीन एकेक पान दाखवायला जीव काढायचं. मी तुझ्यामागे भुणभुण लावली. तुझ्या दुकानात एक मशीन मोडीत निघालं, त्यातली पट्टी तू मालकाला विचारून आणलीस. आपली जुनी तीनशे तेहतीसच्या वेगाची, ही चारशेची. तू म्हणालास, “दोघी एकत्र चालतील ताई, पण जुनीच्या चालीनं. चारशेवाली पाय आवरून चालेल.”

“मग वेगवान आणून उपयोग काय?”

“टेबल मोठं झालं, जास्त पानं मावतील. हात तेवढाच चालणार.”

मला ते पटलं नाही. आणि आता जे लिहायचं आहे ते लिहिणं इतकं जिवावर आलंय, की मघाशी उठून उगाच भांडी पुसून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दुकानात होतास, अण्णा झोपले होते. मशीन सुरू होताना तू कुठलं बटण दाबून त्या सेटिंगच्या पानावर जातोस, ते मी तुझ्या खांद्यावरून पाहून ठेवलं होतं. तिथे वेग आपोआप ठरवायची खूण होती. मी ती काढली आणि तीनशे तेहतीसच्या जागी चारशे केलं. मशीन सुरू झालं. पानं भराभर उलटू लागली, निदान मला तसं वाटलं. छोट्याला जमलं नाही ते मी केलं, असा काय तोरा चढला होता मला!

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी अण्णांनी ते मशीनवर लिहीत असलेल्या पुस्तकात भर घातली, जपून ठेवायचं बटण दाबलं आणि पडदा निळा झाला. पुन्हा सुरू केलं तर दोनशे बारा पानांच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. चाळीस वर्षांत पकडलेल्या छपाईच्या चुका, त्यांच्यामागच्या गमती, छापखान्यातली माणसं, सगळं गेलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. “एक सीडी करून ठेवतो,” म्हणून तू किती मागे लागला होतास! पण नक्कल केली की चूक शिरते, हे अण्णांचं ब्रह्मवाक्य. कागदावरचा नियम त्यांनी मशीनलाही लावला.

माझी पाचावर धारण बसली. अण्णा डोक्याला हात लावून ओट्यावर जाऊन बसले, तेवढ्यात मी सेटिंग होतं तसं करून ठेवलं. संध्याकाळी तू आलास तेव्हा मशीन साळसूदपणे चालत होतं. तू दोन तास शोधलंस आणि शेवटी स्वतःच म्हणालास, “माझीच पट्टी खराब असणार, अण्णा.”

ते काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. “ज्याला धीर नाही त्यानं माझ्या वस्तूला हात लावू नये.” मी दारात उभी होते, हातात वाळलेले कपडे होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी कपड्यांच्या घड्या घातल्या.

महिन्याभरात तू घर सोडलंस. आई गेली तेव्हा दोन दिवस आलास, अण्णांशी मोजून चार वाक्यं बोललास. सतरा वर्षं झाली.

आता मशीन उतरवल्यावर मी काय केलं ते ऐक. डब्यातून तुझी पट्टी काढली. तिच्यावर तुझ्या अक्षरात ‘खराब’ लिहिलेली चिकटपट्टी होती. दात खोडरबरने घासले, दोन्ही पट्ट्या बसवल्या, वेग आपोआप ठरू दिला. आठ दिवस मशीन चालू ठेवलं, रोज टायपिंग केलं. एकदाही अडखळलं नाही. मग पुन्हा चारशे केलं. दुसऱ्याच दिवशी निळा पडदा. जुनीला तो वेग झेपत नव्हता. तुझी पट्टी चांगली होती, छोट्या. तू जोडलेलं सगळं बरोबर होतं.

अण्णांना त्याच संध्याकाळी सांगितलं. कान गेलेत, त्यामुळे ही कबुली मला दोनदा आणि ओरडून द्यावी लागली. शेजाऱ्यांनीही ऐकली असेल. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासली. पोरावरचा आरोप मात्र न तपासताच छापला.” मग तुझा नंबर मागितला. मी लावून दिला, पण घंटा वाजायच्या आधीच त्यांनी ठेवून दिला. म्हणाले, “आधी तुझं पत्र पोचू दे. हे त्याला तुझ्याकडून कळायला हवं.”

पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी नऊला ते फोन करतील. आत्तापासून कागदावर मुद्दे काढताहेत. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्याने बोल. माझ्यावर रागावलास तर तो राग खरा आहे, मी तो सोसेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण म्हणून त्यांचा फोन टाळू नकोस.

तुझ्या हाताला यश नव्हतं असं कधीच झालं नाही. माझ्या तोंडाला कुलूप होतं.

जिची चूक तू सतरा वर्षं आपली म्हणून वागवलीस,
ती तुझी
ताई