आंघोळीची चाल

॥ श्री ॥
आलमबाग, लखनौ
१७ नोव्हेंबर १९९६

चि. राजस यास,
आईचे आशीर्वाद.

फोनवर मी भांडायला लागले की तू आवाज येत नसल्याचं सोंग करतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र काही मध्येच ठेवून देता येत नाही.

तुझं गाणं ऐकलं. सकाळच्या नव्या गाण्यांत लागलं. त्या गाण्यांबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे. हल्ली ढोलकीचं काम यंत्राला दिलंय आणि यंत्राला दम लागत नाही, त्यामुळे गाणाराही श्वास घ्यायला थांबत नाही. परवा एका गाण्यात नायिकेचा टेलिफोन नंबर विचारण्यात दोन कडवी गेली. तरी मी रेडिओ बंद करत नाही. वाईट गाणंही मी शेवटपर्यंत ऐकते आणि मगच नावं ठेवते.

तर रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं, संगीतकार राजस हर्डीकर. तुझ्या बाबांनी पेपर खाली ठेवला, श्रुतीने उडीच मारली. मी तव्यावर पोळी टाकली होती. मुखडा संपला तेव्हा ती जळून गेली होती.

राजस, ती माझी चाल आहे. लखनौच्या थंडीत तू आंघोळीला भोकाड पसरायचास, तेव्हा मी ती रचली. एक तांब्या डोक्यावर, थंडी पळाली कोसभर, असं काहीतरी वेडंवाकडं म्हणायचे. तिसऱ्या ओळीत एक जागा रिकामी आहे. तिथे मी पाणी ओतायचे आणि तू किंचाळायचास. ती रिकामी जागासुद्धा तू जशीच्या तशी नेलीस. आता तिथे काचेचं कपाट पडल्यासारखा आवाज घातला आहे.

मला विचारलं नाहीस. का विचारलं नाहीस, तेवढं कळव. बाबांचे आशीर्वाद त्यांच्याकडून फोनवर घे, ते फार खूश आहेत.

तुझी
आई


अंधेरी, मुंबई
२ डिसेंबर १९९६

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं, पेढे वाटल्याचं लिहिशील. माझं पहिलं गाणं रेडिओवर लागतं, इथे रिक्षावाले ते वाजवतात, आणि माझी आई चौकशी बसवते.

सहा वर्षं मी इथे स्टुडिओच्या पायऱ्या झिजवल्या. लोकांसाठी चहा आणला, दुसऱ्यांच्या गाण्यांत फुकट की-बोर्ड वाजवला. ते गाणं उभं करायला वीस वाजवणारे लागले. त्यात तुझं काय आहे? चार सूर. प्रत्येकाची आई काहीतरी गुणगुणतच असते. उद्या सगळ्या आया हक्क सांगायला आल्या तर या धंद्याला कुलूप लागेल. खरं सांगायचं तर तू मला आंघोळ घातलीस, संगीत दिलं नाहीस.

आणि विचारायचं काय होतं? मोरीत पडून असलेली चीज मी उचलून देशभर पोचवली. तुला बाहेर गायचं असतं तर तू गायली असतीस. रेडिओची संधी आली होती ती तूच सोडलीस, असं बाबा सांगतात. त्याचा राग माझ्यावर का?

श्रुतीला सांग, कॅसेट पाठवली आहे. तुझी मर्जी असेल तर तूही ऐक. राग निवळल्यावर दोन ओळी टाक.

तुझा
राजस


॥ श्री ॥
आलमबाग, लखनौ
१२ डिसेंबर १९९६

चि. राजस यास, आशीर्वाद.

कॅसेट पोचली. वेष्टनावर गाणाऱ्याचं, गीतकाराचं, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं, इतकंच काय, ज्याने तुझे केस कापून फोटो काढला त्याचंही नाव आहे. माझं नाव घातल्याने जागा कमी पडली असती असं दिसत नाही.

मी तुला आंघोळ घातली हे खरं. पण पाण्याबरोबर चाल नळातून येत नव्हती. त्या वीस वाजवणाऱ्यांना बसवून तू काय वाजवून घेतलंस, तेवढं मला सांग. आणि अंतऱ्यात तू निषाद कोमल केला आहेस, तो शुद्ध आहे. चोरायचं होतं तर नीट ऐकून तरी चोरायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅसेट पुन्हा छापतील तेव्हा तिच्यावर 'चाल : लतिका हर्डीकर' असं यावं आणि रेडिओला तसं कळवावं. पैसे नकोत, हार नको. गाण्याआधी नाव सांगायची पद्धत आहे, त्या पद्धतीने माझं नाव सांगितलं जावं. संक्रांतीपर्यंत वाट पाहीन. तोपर्यंत तिळगूळ पाठवणार नाही आणि गोडही बोलणार नाही.

तब्येतीला जप. बाहेरचं कमी खा.

तुझी
आई


आलमबाग, लखनौ
२१ जानेवारी १९९७

प्रिय दादा,
सा. न.

तू आधी खाली बस. तू आईच्या पत्राला उत्तरच दिलं नाहीस ना? यार, कमाल करतोस. संक्रांत गेली तशी ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, विसरली.

रविवारी ती शाल घेऊन बाहेर पडली. आम्हाला वाटलं, सब्जी आणायला गेली. गेली होती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर, कारण घरच्या फोनपाशी बाबा बसलेले असतात. रेडिओवर तो फर्माइशीचा सीधा प्रसारणवाला प्रोग्राम चालू होता. एकदम ऐकू आलं, आलमबागहून लतिका हर्डीकर बोलत आहेत. बाबांच्या हातातला दाढीचा ब्रश तसाच राहिला.

आईने तुझंच गाणं मागितलं. त्या दीदीने संगीतकार म्हणून तुझं नाव घेतलं, तर आईने आपल्या त्या मराठी हिंदीत शांतपणे सांगितलं की संगीतकार माझा मुलगा आहे, पण चाल माझी आहे, आणि त्याला आंघोळ घालताना मी ती केली. पाणी ओतायची जागासुद्धा समजावून सांगितली. दीदी खूप हसली. मग म्हणाली की गाऊन दाखवा. तिला वाटलं असेल, आंटी लाजतील.

आई गायली, दादा. बूथमध्ये उभी राहून, अख्खा अंतरा. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. घरात ती नेहमी दबकूनच गाते. मग दीदीने तुझं गाणं लावलं. लगेच पाठोपाठ लावलं ना, म्हणून असेल, पण सॉरी, खराब लगा.

बाबांनी रेडिओ बंद केला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून गच्चीवर गेले. शेजारच्या मिश्राइन आंटी आईला बघायला आल्या, जशी काही ती पहिल्यांदाच या घरात राहायला आली आहे. काल इथल्या एका पेपरमध्ये फोटोसकट छापून आलं. कात्रण पाठवत नाही, तुला राग येईल.

मला तुम्हा दोघांच्या मध्ये घालू नकोस. पण तिला फोन कर.

तुझी
श्रुती


अंधेरी, मुंबई
३ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. आईस,
नमस्कार.

कात्रण श्रुतीने नाही पाठवलं तरी पोचलं. कॅसेट कंपनीच्या मालकांचे मेहुणे लखनौला असतात. सगळ्या ऑफिससमोर मला उभं करून विचारलं की तुमच्या इतर चाली कुणाच्या आहेत, मावशीच्या का? लोक हसले. तुला हेच हवं होतं ना?

मला एक अख्खा चित्रपट मिळणार होता. आता ते म्हणतात, आधी आईकडून लिहून आणा. सोबत कागद टाईप करून पाठवला आहे. रेडिओवर तू मायेच्या भरात बोललीस आणि चाल पूर्णपणे माझीच आहे, एवढंच त्यात आहे. खाली सही कर. महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही तर ते दुसऱ्याला घेतील आणि मग मला इथे कुणी दारात उभं करणार नाही. बाबांशी बोललो आहे, ते करून घेतो म्हणाले.

आई म्हणून एवढं कर. पुन्हा काही मागणार नाही.

राजस


॥ श्री ॥
आलमबाग, लखनौ
१४ फेब्रुवारी १९९७

चि. राजस यास, आशीर्वाद.

कागद पोचला. इंग्रजीत आहे, श्रुतीने अर्थ सांगितला. त्यात मी एक भाबडी गृहिणी आहे असं लिहिलं आहे. हे वकिलाचं की तुझं, ते कळलं नाही. तुझे बाबा रोज सकाळी तो माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवतात, वर पेन ठेवतात आणि म्हणतात की एका सहीने काय बिघडतं.

आता त्यांनी तुला जे सांगितलं नाही ते ऐक. तू वर्षाचा होतास. इथल्या रेडिओ स्टेशनवर मी आवाजाच्या परीक्षेत पास झाले आणि गायला बोलावणं आलं. हर्डीकरांची सून रेडिओवर गाणार म्हटल्यावर घर बसलं तोंड पाडून. बाबांनी एक कागद लिहिला, तोही इंग्रजीत, की घरगुती अडचणींमुळे मला गाणं शक्य नाही. पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की एका सहीने काय बिघडतं. तू माझ्या कडेवर होतास. मी सही केली. रेडिओ मी असा सोडला.

त्यानंतर दुसऱ्यांची गाणी ऐकली आणि दार लावून तुला आंघोळ घालताना स्वतःची केली. तेवढ्या वेळात माझ्या गाण्याला कुणी काही म्हणत नव्हतं. तू चार सूर म्हणतोस. माझ्या वाट्याला तेवढेच आले होते.

तुझा चित्रपट गेला तर मला वाईट वाटेल. रडेनही, ते लपवत नाही. पण खोट्यावर सही करणार नाही. एक कागद तुझ्या बाबांसाठी झाला. दुसरा तुझ्यासाठी होणार नाही.

तुझा कागद सही न करताच परत पाठवते आहे. तुझ्या मालकांना सही हवी असेल तर हे पत्र दाखव. मराठी येत नसेल तर तू वाचून दाखव, मोठ्याने. मी लिहून देते की या गाण्याची चाल मी केली आहे आणि माझ्या मुलाने ती मला न विचारता नेली.

माया आहे ती आहेच, तिला तुझा इलाज नाही आणि माझाही नाही.

लतिका चारुदत्त हर्डीकर