तिसरी पिशवी

६ मार्च
कुरखेड्यात आले. कमळाबाईंच्या घरी खोली मिळाली. अंगणात मोहफुलं वाळत घातलीत, घरभर त्यांचा गोडसर, आंबूस वास. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर गावोगाव बोलायला संस्थेने मला पाठवलंय, आणि बोलणं हे एकच शस्त्र मला चालवता येतं. हा आजार मलाही जन्मापासून आहे. मी पुस्तकातलं नाही, हाडातलं बोलते. कमळाबाई म्हणाल्या, एवढीशी काडी अन् आवाज भोंग्याचा! आणि ताटात भात वाढतच राहिल्या.

९ मार्च
जंगलाकडच्या टोल्यावर, दहा-बारा घरांच्या वस्तीत, सभा झाली. तिथल्या लालसूभाऊंची मुलगी सोमारी, आठ वर्षांची, तिलाही हाच आजार. डोळे पिवळे, ओटा चढली तरी धाप लागते. तिला रक्त चढवलंच पाहिजे, पण भाऊ तयार नाहीत. मी पेटले. रक्त ही कुणाची मेहेरबानी नाही, तिचा हक्क आहे, जंगलातल्या लेकरांनी किती दिवस गुपचूप मरायचं, असं बरंच. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, तुमालेबी तेच बिमारी हाये ना? मंग तुमी काऊन नाई घेत?
लोक हसले.
मी म्हटलं, घेते. तुमच्या डोळ्यांदेखत घेते.

१२ मार्च
घेतलं. इथल्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत, नुकतेच आलेले. म्हणाले, तुमचं रक्त इतकं कमी नाही. द्यायचंच तर एक पिशवी, तीही सावकाश. या आजारात रक्त एकदम वाढलं तर दाट होतं, मेंदूला सोसत नाही. मी त्यांना बोलूच दिलं नाही. जंगलातल्या माणसाला द्यायची वेळ आली की तुमचा हात आखडतो, म्हटलं. ते नमले. काल-आज मिळून तीन पिशव्या. लालसूभाऊ खाटेशी बसून बघत होते.
संध्याकाळी कमळाबाईंनी माझ्यापुढे चहाचे दोन कप ठेवले. रक्त देनाराबी तुमच्या संगं आला असन ना बाई, त्याले काऊन उपाशी ठेवाचं? पोट धरून हसलो.

१५ मार्च
डोकं ठणकतंय. ऊन लागलं असेल. वाचताना ओळींचे शेवटचे शब्द नाहीसे होतात. गंमत म्हणून कमळाबाई अजून दोन कप ठेवतात. आज उजवीकडचा मला दिसलाच नाही, हात लागून सांडला.
उजवीकडे कोणीतरी बसलेलं असतं. मान वळवली की भिंत.

१६ मार्च
लालसूभाऊ खुशीत आले. सोमारीला उद्या दवाखान्यात नेतात. डॉक्टर एकच पिशवी म्हणतात, हे त्यांना पटत नाही. बाईले तीन अन् माह्या पोरीले एक? गरिबाची हाये म्हनून?
माझंच वाक्य.
डॉक्टर बरोबर होते. माझं डोकं मला सांगतंय. 'एक' म्हणायला मी तोंड उघडलं.
बाहेर आलं, तीन.
पुन्हा प्रयत्न केला. तीन.
भाऊंनी हात जोडले. बाईनंच सांगतलं म्हनतो डाक्टरले, म्हणाले. डॉक्टर ऐकतील. मीच त्यांना नमवून ठेवलंय.
भाऊंच्या मागे धावायचं होतं. उजवा पाय—

१७ मार्च
डाव्या हाताने लिहिते. उजवा माझा नाही.
तोंड वाकडं. कमळाबाई रडत गाडी बघायला गेल्या.
ते उजवीकडचं आता अगदी खेटून. माझ्याच आवाजात भाषण करतंय. लोक टाळ्या—
दारात लालसूभाऊ. पाठीवर सोमारी. जाताना पाया पडायला आणली.
ती माझ्याकडे बघून हसते.
बोलायचं नाही. तोंड उघडलं की ते बोलतं. दात दाबून—
लिहून देते. भाऊंना वाचता येतं. अजून लिहिता येतं मला. येतं.
लालसूभाऊ, डॉक्टरचं ऐका. सोमारीला सावकाश. पिशवी फक्त ती—